समीक्षाचं वरण आणि माझा काटा

माझ्या मुलीने मंगळवारी दुपारी किती वरण खाल्लं, या प्रश्नावरून आमच्या घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल की घरात वरणाची टंचाई असावी. तसं काही नाही. आम्ही दिग्रसचे, तूर घरची, वरणाला तोटा नाही. भानगड वेगळीच होती आणि ती करणारा मी होतो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर असतो. कापूस आला की तोलायचा आणि आकडा पुकारायचा, मुनीम तो लिहून घेतो. मोठ्या गाड्यांची पावती आता मशीनच काढतं, पण ऑटोत घालून आणलेली चार-सहा गाठोडी अजून माझ्याच छोट्या काट्यावर चढतात. बावीस वर्षं हेच करतोय. गावात मला गजूभाऊ काटेवाले म्हणतात आणि (खोटं कशाला बोलू) मला ते फार आवडतं.

आमची समीक्षा अकरावीला आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्या शाळेत यवतमाळच्या एका कॉलेजातल्या मॅडम आल्या. पंधरा-सोळा वर्षांची मुलं दिवसभरात काय आणि किती खातात, हे मोबाइलवर नोंदवायचा एक ऑनलाइन फॉर्म त्यांच्याकडे होता. सकाळी उठून आदल्या दिवशी खाल्लेलं सगळं आठवायचं, यादीतून पदार्थ निवडायचा, लहान-मोठ्या वाट्यांच्या फोटोंपैकी आपली वाटी ओळखायची आणि बटण दाबायचं. पण मुलांनी भरलेलं खरं किती, हे कसं कळणार? त्यासाठी मॅडमनी एक युक्ती काढली होती. तीन दिवस घरातल्या कोणीतरी मुलाच्या ताटात पडणारी प्रत्येक गोष्ट आधी तोलायची, वहीत लिहायची, आणि ती वही मुलाला अजिबात दाखवायची नाही. मग फॉर्म आणि वही शेजारी ठेवून ताळा बघायचा.

सगळ्यांत आधी हात वर केला तो समीक्षाने. म्हणाली, माझे बाबा काटेवालेच आहेत. मॅडमना कोण आनंद झाला! त्यांनी तिला स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा दिला, तो घेऊन ती घरी आली, आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला. माझ्या पोरीच्या शिक्षणात माझ्या धंद्याचा उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती. तोपर्यंत तिच्या शिक्षणात माझा वाटा म्हणजे पालकसभेत मागच्या बाकावर बसणं, एवढाच.

पोरीच्या डोक्यात काय होतं ते तिने आईला सांगितलं आणि आईने मला. त्या फॉर्मच्या यादीत आपलं खाणं नव्हतंच. सकाळी दुधात कोणता सिरीअल घातला असं विचारायचा. ॲव्होकॅडोच्या फोडी किती, असंही विचारायचा. पण रोडगा नाही, पाटोडी नाही, हरभऱ्याची भाजी नाही. तेव्हा मॅडम आपल्या जिल्ह्याच्या पदार्थांची नवी यादी करणार होत्या आणि त्या कामाला मुलांमधून दोघांना आठ दिवस यवतमाळच्या कॉलेजात बोलावणार होत्या. ज्यांचा फॉर्म वहीशी सगळ्यात जास्त जुळेल ते दोघं. समीक्षाला पुढे याच विषयात शिकायचं होतं. तिने घरातल्या सगळ्या वाट्या पाण्याने भरून कोणत्या वाटीत किती मावतं ते पाठ केलं. कोणती पोरगी असं करते? मी जिनिंगमध्ये मुनीमजींना हे तीनदा सांगितलं.

पहिला दिवस रविवार निघाला. त्या दिवशी माझ्या साळ्याच्या शेतात रोडग्याची पंगत होती. नियम म्हणजे नियम, मी काटा पिशवीत घालून शेतात नेला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. पंगत बसली, वाढपी समीक्षाच्या ताटाशी आला आणि मी मध्ये हात घातला. आधी काटा. रोडगा तोलला, भाजी तोलली, तूप तोललं. माझी बायको सुनंदा शेजारी वही घेऊन बसलेली. मी पुकारायचो, ती लिहायची, जिनिंगमध्ये मुनीम लिहितो तसंच. साळ्याला हे इतकं आवडलं की त्याने आपलाही रोडगा पुढे केला. मग त्याच्या व्याह्याने केला. शेवटी मी त्या पंगतीत अकरा लोकांचे रोडगे तोलले आणि माझा स्वतःचा गार झाला.

अडचण एकच होती. आकडे समीक्षाला ऐकू जायला नकोत आणि माझा आवाज जिनिंगच्या मशीनवरून पलीकडे पोचायला घडलेला आहे. मला हळू बोलता येत नाही. मग तिने जेवताना कानात कापसाचे बोळे घातले. (आमच्या घरात कापूस कधी शोधावा लागत नाही.) सोमवारी आणि मंगळवारी आमचं जेवण असंच झालं. पोरगी कानात कापूस घालून जेवतेय, मी ओट्याशी उभा राहून भाकर, वरण, ताक असं पुकारतोय, सुनंदा एका हाताने तव्यावरची भाकर उलटतेय आणि दुसऱ्या हाताने लिहितेय. मंगळवारी दुपारी शेजारचे एकजण दारात येऊन विचारून गेले, की घरी लिलाव लावला का म्हणून.

वही पाकिटात बंद करून मॅडमकडे गेली. शनिवारी शाळेत पालकांना बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पालकसभेत पहिल्या बाकावर बसलो.

मॅडमनी एकेका मुलाचं सांगितलं. बहुतेकांनी खाल्लं त्यापेक्षा कमी भरलं होतं. शाळेबाहेरची चटपटीत पाकिटं तर कोणालाच आठवली नव्हती. सगळे हसले. मग समीक्षाचं नाव आलं. मॅडमनी कागद पुन्हा एकदा बघितला. म्हणाल्या की हिचं उलट आहे, हिने प्रत्येक पदार्थ खाल्ल्यापेक्षा जास्त भरलाय, आणि त्यातही वरण, ताक, पालेभाजी हे फारच जास्त. काही मुलांना आपण चांगलं खातो असं दाखवावंसं वाटतं, त्यात वाईट काही नाही, पण निवडीसाठी हा ताळा धरता येणार नाही. हे त्यांनी फार सौम्य शब्दांत सांगितलं. समीक्षाचे कान लाल झाले. ती म्हणाली, "मॅडम, मी जेवढं खाल्लं तेवढंच लिवलं."

या ठिकाणी कोणत्याही बापाने काय करायला पाहिजे, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही आता माहीत आहे. पण त्या वेळी मी उभा राहिलो, खाकरलो आणि सगळ्या पालकांसमोर म्हणालो, "मॅडम, बावीस वर्षं काट्यावर हाओ मी. काटा खोटं बोलत नाई."

आणि बसलो. वर इकडेतिकडे बघितलंसुद्धा, की लोकांनी ऐकलं ना!

घरी येईपर्यंत समीक्षा माझ्या चार पावलं पुढे चालत होती. घरी आल्यावर ती बोलेनाशी झाली. जेवतानाही नुसती मान खाली घालून बसायची. सुनंदा दोन्हींकडून अडकली, कारण वही तिच्या हातची आणि पोरगीही तिचीच. तिने मला एकदाच विचारलं, की भरल्या शाळेत पोट्टीले खोटं पाडाची काय गरज होती. मी म्हटलं, मी कुठं पाडलं, काट्याने पाडलं. त्यानंतर तीही बोलेनाशी झाली. मी ताटात आणखी वरण मागितलं तर पातेलं माझ्यापुढे सरकवून आत जायची.

सोमवारी मी ठरवलं की हे प्रकरण कायमचं मिटवायचं. बसस्टँडमागे सादिकभाईंचं दुकान आहे. काटे दुरुस्त करतात, आमच्या जिनिंगचे काटेही तेच तपासतात. त्यांना मी घरी बोलावलं आणि बायको-पोरीसमोर मॅडमचा काटा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पिशवीतून शिक्क्याची वजनं काढली. पन्नास ग्रॅम ठेवलं, पन्नास दाखवले. दोनशे ठेवलं, दोनशे. पाचशे ठेवलं, पाचशे. चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "गजूभाऊ, काटा एकदम सही हाये. एका ग्रॅमचा फरक नाई."

मी समीक्षाकडे बघितलं. जिंकलो होतो ना मी. सादिकभाईंना चहा पाजला, पुन्हा एकदा बावीस वर्षांचं सांगितलं. समीक्षा मात्र रागावली नाही की रडली नाही. ती शिक्क्याच्या वजनांकडे बघत बसली होती. मग तिने आपला फॉर्म मोबाइलवर काढला, मॅडमनी शनिवारी वहीसोबत परत दिलेला ताळ्याचा कागद शेजारी ठेवला आणि पेन घेऊन बसली. मला वाटलं, हार पचवून राह्यली पोरगी. त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी निवांत जेवलो.

बुधवारी दुपारी मी जेवायला घरी आलो तर ओट्यावर काटा मांडलेला. समीक्षाने स्वतःहून हाक मारली. मॅडमला आणखी एक नोंद पाहिजे, एवढं तोलून द्या, म्हणाली. पुढ्यात वाटीभर ताक. चार दिवसांनी पोरगी बोलतेय, मी हात धुऊन लगेच उभा राहिलो. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला, ताक ओतलं, आकडा बघितला आणि पुकारलं, "ताक, एकशे अठ्ठ्याऐंशी!"

सुनंदा लिहायला लागली. समीक्षा माझ्या पाठीमागे मोबाइल धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, काट्यावर किती दिसून राह्यलं?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

"वाचा ना एकडाव."

मी वाकून वाचलं. काट्यावर दोनशे चौदा होते.

मी डोळे चोळले. दोनशे चौदा. मी वाटी उचलून पुन्हा ठेवली. दोनशे चौदाच. सुनंदाचं पेन वहीवर थांबलेलं. समीक्षा अगदी शांतपणे म्हणाली, "काटा बरोबर हाये, सादिककाकांनं सांगितलं. मी बरोबर हाओ, मले माहीत हाये. मंग मधात राह्यलं कोण, बाबा?"

आता कडता म्हणजे काय ते सांगावं लागेल. कापूस कधी ओला येतो, कधी त्यात काडीकचरा असतो. मग आलेल्या वजनातून ओलाव्याचे थोडे आणि कचऱ्याचे थोडे कमी धरायचे, त्याला आम्ही कडता म्हणतो. मुरलेला काटेवाला गाठोड्यात हात घालतो, काट्यावरचा आकडा बघतो आणि तोंडाने बोलतो तो कडता कापूनच. शेतकरी कुरकुरतो, मी काट्याकडे बोट दाखवतो. बावीस वर्षांत हे इतकं अंगात भिनलंय की डोळे बघतात ते वेगळं आणि तोंड बोलतं ते वेगळं, आणि मधल्यामध्ये काय होतं ते माझं मलाच कळत नाही.

समीक्षाने ते ताळ्याच्या कागदावरून शोधून काढलं होतं. भाकरीत फरक थोडा, भाजीत जरा जास्त, वरणात त्याहून जास्त आणि ताकात सगळ्यात जास्त. जेवढं पाणी तेवढा फरक. दोन दिवस ती विचार करत होती, की माणूस चुकला तर कसाही चुकेल, पण ओलावा बघून कोण चुकतो? असा माणूस तिला अख्ख्या दिग्रसमध्ये एकच माहीत होता.

तिने एकेक विचारायला सुरुवात केली आणि मी एकेक कबूल करत गेलो. भाकर कोरडी म्हणून शंभराला चारच कापले होते. वरण ओलं, तिथे दहा, ताकाला बारा. हरभऱ्याच्या भाजीत काड्या दिसल्या, त्याचे वेगळे. "आन रोडग्याले?" सुनंदाने विचारलं. रोडग्याला मी राखेचे कापले होते. (राख लागलेलीच होती थोडी, कोणीही बघू शकलं असतं!) सुनंदा तिथेच जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. माझी पोटची पोरगी घरचं वरण खातेय आणि मी तिच्याकडून ओलाव्याची कपात करतोय.

मला हसू येत नव्हतं. शनिवारचं सगळं डोळ्यांपुढे आलं, तिचे लाल झालेले कान आणि बाकावरून इकडेतिकडे बघणारा मी. मी म्हटलं, "समू, चुकलं माह्यं. लय मोठं चुकलं." ती म्हणाली की मले नका सांगू, मॅडमले सांगा, नावं पाठवाची हायेत त्याईले.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि सकाळच्या एसटीने एकटाच यवतमाळला गेलो. दिग्रस ते यवतमाळ मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो आणि कॉलेजच्या फाटकात ते सगळं विसरलो. मॅडमच्या टेबलावर वही ठेवली आणि झालं ते सरळ सांगून टाकलं. वर असंही म्हणालो, की मॅडम, मी सगळे आकडे परत जोडून देतो, कशात किती कापलं ते मला तोंडपाठ आहे. मॅडमनी चष्मा काढला. खिडकीकडे बघितलं. त्यांचे खांदे हलत होते, पण बाई भली, आवाज नाही केला. मग म्हणाल्या की जोडून चालत नाही, तीन दिवस पुन्हा तोलावं लागेल. मी म्हटलं, आजच सुरू करतो. तर त्या घाईने म्हणाल्या, "तुम्ही नको. तुमच्याशिवाय घरातलं कोणीही चालेल."

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, मुलं चुकीचं सांगतात हे आम्ही धरूनच चालतो. तोलणारा चुकत असेल असं आमच्या मनातही येत नाही. ते तुमच्या मुलीच्या मनात आलं. परतीच्या एसटीत मी शेजारच्या अनोळखी माणसाला हे वाक्य ऐकवलं. तो उतरल्यावर जो नवा बसला त्यालाही ऐकवलं.

पुन्हा तीन दिवस तोलणं झालं. या वेळी काट्यावर सुनंदा, वही तिचीच, आणि मला स्वयंपाकघरात यायला बंदी. मी ओसरीत बसून जेवायचो. ताळा आला. समीक्षाचा फॉर्म आणि वही यांत इतका थोडा फरक होता की मॅडमनी शाळेत फोन करून सांगितलं, यादीतलं पहिलं नाव हिचंच. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी जिनिंगमध्ये पेढे वाटले. मुनीमजींना दोन दिले, कारण त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागली होती. मला आयुष्यात कोणी इतकं पद्धतशीर खोटं पाडलं नव्हतं आणि खोटं पडून मी इतका खूशही कधी झालो नव्हतो. पोरीने बापाला पकडलं, आणि पकडलं ते न भांडता, कागद-पेन घेऊन. डोकं तिचं तिच्या आईवर गेलंय, हे मी आता मान्य करतो.

फक्त एक झालं. माझ्या पाठीमागे उभं राहून समीक्षाने जो व्हिडिओ काढला होता, तो तिने पुरावा म्हणून आईला पाठवला. आईने कौतुकाने माहेरच्या ग्रुपवर टाकला. साळ्याने तो रोडग्याच्या पंगतीतल्या अकराही जणांना पाठवला. त्यातले नऊ कापूस पिकवतात.

समीक्षाला यवतमाळच्या एसटीत बसवून मी त्या दिवशी स्टँडवरून थेट जिनिंगला गेलो. छाती अशी भरून आलेली की शर्टाचं बटण ताणत होतं. काट्यापुढे एक ऑटो उभा होता, त्यात सहा गाठोडी, आणि शेजारी जवळच्या खेड्यातले उत्तमराव हातात मोबाइल घेऊन उभे होते. दरवर्षी माझ्याच काट्यावर येतात, दरवर्षी कुरकुरतात. मला बघून म्हणाले, "गजूभाऊ, पोट्टी कुठी हाये तुमची?"

मी तर हेच कोणीतरी विचारायची वाट बघत होतो. सगळं सांगितलं. निवड झाली, पहिलं नाव, मोठ्या कॉलेजात आठ दिवस, आत्ताच गाडीत बसवून आलो. उत्तमरावांना मनापासून आनंद झाला. माझा हात हातात घेऊन त्यांनी दाबला, पोरीने नाव काढलं म्हणाले. मग वळून ऑटोवाल्याला गाडी बाजूला घेऊन सावलीत लावायला सांगितलं.

मी म्हटलं, उत्तमराव, गाठोडी उतरवत नाही का?

"आठ दिवसांनं उतरवतो," ते म्हणाले. "कापूस काही नासत नाई. येऊ द्या तिले."